वहीत नसलेला तणमोर

शब्बीरभाई, तुम्ही गेल्याला आज पंचवीस दिवस झाले. कालच्या रविवारी आपल्या सहलीच्या मंडळींनी तुमच्यासाठी सभा घेतली. सदाशिव पेठेतल्या त्याच क्लासच्या खोलीत, जिथे आपण दर मोसमाच्या आधी नव्या लोकांना 'काय आणू नये' याची यादी वाचून दाखवायचो. तुमचा फोटो खुर्चीवर ठेवला होता. फोटोत तुम्ही कॅमेऱ्याकडे न बघता वर कुठेतरी बघताय, त्यामुळे समोर येणारा प्रत्येक माणूस हात जोडायच्या आधी एकदा छताकडे बघत होता. तुम्हाला मजा वाटली असती.

चार-पाच जण बोलले. बरं बोलले. कुणी तुमच्या चिकाटीबद्दल, कुणी तुम्ही नुसत्या आवाजावरून पक्षी ओळखायचा त्याबद्दल. मग अनिकेत उठला, आपला कॅमेरेवाला इंजिनीअर. म्हणाला, "सॉरी, मला असं फॉर्मल बोलायला जमत नाही. पण भाई म्हटलं की मला सगळ्यात आधी त्यांचा तो तणमोर आठवतो. काय कॉन्फिडन्स होता यार त्यांचा!" सगळे हसले. प्रेमानेच हसले, त्यात कुचकेपणा नव्हता. मीही हसले. त्या हसण्याची लाज वाटली म्हणून हे लिहायला बसले आहे. तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली आहे, आणि ती सांगायला माझ्याकडे चांगले आठ महिने होते.

हे दुसरेही वाचतील, म्हणून तुम्हाला ठाऊक असलेलं थोडं आधी सांगते. कंटाळा आला तर पुढे जा. तसेही तुम्ही नेहमी पुढेच असायचात.

तुमचं दुकान बुधवार पेठेत. दोन्ही बाजूंना इलेक्ट्रॉनिक्सची झगमग, आणि मध्ये एक माणूस जेमतेम आडवा मावेल एवढा घड्याळदुरुस्तीचा गाळा. मी शाळेत भूगोल शिकवायचे. तुमची निलोफर आठवीत माझ्या वर्गात होती. तिने महाराष्ट्राच्या नकाशात पिकं दाखवायच्या जागी पक्षी काढले, मी मार्क कापले आणि पालकांना भेटायला बोलावलं. तुम्ही आलात, खिशातून ते डोळ्याला लावायचं भिंग काढलंत, नकाशा नीट निरखलात आणि म्हणालात, "बाई, माळढोक सोलापूरकडे दाखवलाय. बरोबर आहे की. मार्क कशाचे कापलेत?" मी म्हटलं, "प्रश्न पिकांचा होता." तुम्ही म्हणालात, "उत्तर तरी चुकलेलं नाही." हा वाद आपण पुढे चौदा वर्षं घातला. माझं म्हणणं अजूनही तेच आहे.

त्या नकाशातून आपली सहल निघाली. वर्षातून सहा-सात वेळा, बारा माणसं, दोन दिवस. शनिवारी पश्चिमेला, डोंगरातल्या देवराईत. रविवारी पूर्वेला, माळावर. जगात सगळीकडे लोक सहलीला जाऊन मुक्काम करतात. आपल्या सहलीचा मुक्काम ज्याच्या त्याच्या घरी. शनिवारी संध्याकाळी सगळ्यांना पेठेच्या कोपऱ्यावर सोडायचं आणि रविवारी पहाटे पाचला तिथूनच पुन्हा उचलायचं. नवे लोक विचारायचे, रिसॉर्ट वगैरे नाही का? तुम्ही म्हणायचा, "घरची गादी असताना दुसऱ्याच्या सतरंजीवर पाठ कशाला मोडायची? आणि पाखरांनाही रात्री आपल्यापासून सुट्टी नको का?" या उत्तरानंतर कुणी दुसरा प्रश्न विचारत नसे.

देवराई मला तुम्ही दाखवलीत. माझं सगळं आयुष्य भूगोलात गेलं, 'सदाहरित वने' हे मी फळ्यावर शेकडो वेळा लिहिलं असेल, पण दुपारी बारा वाजता अंधारून आलेलं रान मी पहिल्यांदा पाहिलं ते तुमच्या मागे चालताना. मांडीएवढ्या जाडीचे गारंबीचे वेल, या झाडावरून त्या झाडावर गेलेले. वर कुठेतरी शेकरू ओरडायचं आणि तुम्ही नुसतं बोट वर करून थांबायचात. मग तुमच्या बोटाच्या रेषेत बघत राहिलं की पानांमधून हळूहळू एक लांब तांबूस शेपूट दिसू लागायची. तुम्ही कधी "ते बघा, ते बघा" केलं नाहीत. माणसाला आपलं आपण दिसेपर्यंत थांबायचात. चौदा वर्षं शिक्षिकेने शिकावं असं ते शिकवणं होतं, आणि हे मी तुम्हाला एकदाही म्हटलं नाही.

देवराईच्या तोंडाशी दगडांची एक ओळ आहे. तिथे तुमचा बिस्किटाचा पत्र्याचा डबा निघायचा आणि सगळ्यांनी हातातली घड्याळं त्यात टाकायची. घड्याळजीच घड्याळं काढून घेतो याचं लोकांना हसू यायचं. "घड्याळ बघितलं की माणसाला नाश्ता आठवतो," असं तुम्ही सांगायचात. आणि परत निघताना त्याच दगडांपाशी सगळ्यांनी पिशव्या झटकायच्या, खिसे उलटे करायचे. वाळकं पान, बी, पीस, काही बाहेर न्यायचं नाही. ही त्या गावाची जुनी रीत. पहिल्या वर्षी गावातल्या एका म्हाताऱ्या माणसाने आपल्याला थांबवून सांगितलं होतं, "हितलं हितंच ऱ्हाऊ द्या." तुम्ही ती अशी काही उचललीत की एकदा माझ्या केसात अडकलेली काटकीसुद्धा काढून आत टाकायला लावलीत.

चपलांचं भांडण मात्र आपलं मिटलं नाही. तुम्ही दगडांच्या ओळीपाशी चपला काढायचात, मी बूट काढायचे नाही, कारण जळवा. मी म्हटलं, "हा देव तुमचा नाही आणि माझा तर कुठलाच नाही. मग चपला कशाला काढता?" तुम्ही म्हणालात, "घर कुणाचंही असो, बाई, चपला बाहेरच काढतो माणूस." आणि संध्याकाळी पायांना लागलेल्या जळवा मोजत बसलात. मी तेव्हा "बघा" म्हटलं. आता वाटतं, एखाद्या वेळी काढायला हवे होते बूट.

आता वहीचं. सहलीची वही माझ्याकडे असायची आणि तिचा नियमही माझाच होता. पहिल्या वर्षी आपल्यातल्या एका गृहस्थांना दर झुडपात बिबट्या दिसायचा, म्हणून मी नियम केला: दोघांनी पाहिलं तरच नोंद. नोंदीपुढे दोघांची आद्याक्षरं. जागा, वेळ, पाहणारे दोन. तुम्हाला तो नियम फार आवडला. तुमच्या धंद्यातही तसंच असतं, हे तुम्ही तेव्हा सांगितलंत. घड्याळ दुरुस्त केलं की मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कारागीर सुईने बारीक तारीख आणि आपलं अक्षर कोरून ठेवतो. गिऱ्हाइकाला ते कधी दिसत नाही. पुढे कधी जो उघडेल त्यालाच कळतं की आधी इथे कुणाचा हात लागला होता. मी म्हटलं, "जी नोंद कुणी वाचणारच नाही, ती काय कामाची?" तुम्ही म्हणालात, "वाचणारा भेटतो. घाई नसते तिला."

मी नकाशे काढणारी बाई. माझ्या नोंदी म्हणजे बघत राहावं अशा. कुठल्या बांधापासून किती पावलं, कुठल्या बाभळीच्या कुठल्या अंगाला, सगळं. मागच्या उन्हाळ्यात माळावर धाविक पक्ष्याचं घरटं सापडलं. घरटं कसलं, उघड्या मातीत ठिपक्यांची दोन अंडी. मी वहीत छोटा नकाशाच काढला. अनिकेतने त्या पानाचा मोबाइलवर फोटो घेतला, "जस्ट फॉर रेकॉर्ड" म्हणून. पुढच्या रविवारी आपण गेलो तर माळावर सात गाड्या उभ्या होत्या. कॅमेरे, तिवया, मोठ्या आवाजातल्या गप्पा. घरट्याच्या जागी टायरचा वळ होता. तुम्ही उकिडवे बसून बराच वेळ त्या वळाकडे बघत राहिलात. मला एका शब्दाने बोलला नाहीत. अनिकेतलाही नाही. तो बिचारा स्वतःच रडवेला झाला होता. त्याने फोटो फक्त दोन मित्रांना पाठवला होता.

तुम्ही बोलला असता तर बरं झालं असतं. मला त्या नकाशाची फार घमेंड होती, शब्बीरभाई. ती अंडी माझ्या अक्षराने फुटली.

त्यानंतर आला श्रावणातला तो रविवार. गवत कमरेपर्यंत आलं होतं, मध्येच ऊन, मध्येच शिरवं. सगळी मंडळी गाडीपाशी चहा-खारी खात होती आणि आपण दोघं बांधावरून पन्नासेक पावलं पुढे गेलो होतो. गवतातून एक काळा पक्षी सरळ वर उडाला. माणसाच्या डोक्याइतका उंच. मानेभोवती पांढरा पट्टा, डोक्यामागे वळलेली बारीक पिसं, पाय खाली लोंबते. बेडूक डरावल्यासारखा एक आवाज झाला आणि तो परत गवतात पडला. सगळं मिळून दोन-तीन सेकंद. तणमोर. पुण्याच्या आसपास आता तो दिसतो असं कुणी छातीठोकपणे सांगत नाही, तो तणमोर, नर, मादीला बोलावण्यासाठी उडी मारणारा.

तुम्ही माझं मनगट धरलंत. चौदा वर्षांत तुम्ही मला कधी हात लावला नव्हता. "बाई! तणमोर!" इतक्या मोठ्यांदा ओरडलात की मंडळी कप टाकून धावत आली. अनिकेत सगळ्यांत पुढे, मोबाइल हातात. "कुठे, कुठे? एग्झॅक्ट कुठे?" तुमचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. म्हणालात, "विचारा बाईंना. बाईंनीही पाहिलाय. लिहा, बाई, लिहा."

आणि मी म्हटलं, "नाही हो. मी चष्मा पुसत होते."

चष्मा माझ्या नाकावर होता. हे बोलून झाल्यावर मी तो काढला आणि पदराने पुसायला लागले.

मी पाहिला होता, शब्बीरभाई. पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला होता. तुमच्याइतकाच, कदाचित अर्धा क्षण तुमच्या आधी. पण अनिकेतच्या हातातला मोबाइल बघितला आणि मला तो टायरचा वळ दिसला. या वेळी सात नाही, सत्तर गाड्या आल्या असत्या. नियमाप्रमाणे मी नाही म्हटलं की नोंद होत नाही, आणि नोंद झाली नाही की ती जागा शोधत कुणी येत नाही. मला एवढंच सुचलं.

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मग "बरं" म्हणालात. एवढंच. कुणीतरी म्हणालं, लांडोर असेल भाई. कुणी म्हणालं, कावळा भिजला की असाच दिसतो. परतताना गाडीत हशा झाला आणि तेव्हापासून तो 'भाईंचा तणमोर' झाला. कुणाला काही दिसलं नाही की "भाई, तणमोर आला का?" असं विचारायची चालच पडली. तुम्हीही त्यात हसायचात.

ज्या माणसाचं पोट डोळ्यावर चालतं, केसाएवढी स्प्रिंग जो चिमट्याने उचलतो, त्याच्या डोळ्यांची थट्टा मी सुरू करून दिली. पक्षी वाचवायचा होता हे खरं. पण वाचवण्याची किंमत मी तुमच्या नावावर टाकली, आणि तुम्हाला विचारलंही नाही.

दोन दिवसांनी मंगळवारी मी तुमच्या दुकानात आले ते खरं सांगायलाच. वाटेत वाक्यंही जुळवली होती. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. ती जाईपर्यंत मी उभी राहिले आणि माझा धीर पातळ होत गेला. तुम्ही माझ्या हाताकडे बघून म्हणालात, "बाई, घड्याळ ठेवून जा. तेलपाणी करून देतो."

"चांगलं चाललंय की."

"चाललंय. पण एकदा उघडून बघायला हवं. बाहेरून सगळी बरीच दिसतात."

मला वाटलं टोमणा आहे. घड्याळ काढून दिलं आणि निघून आले. दोन दिवसांनी तुम्ही निलोफरच्या हाती ते परत पाठवलंत.

मग सांगणं लांबतच गेलं. आधी मी स्वतःला सांगायचे, आता सांगितलं तर भाईंना लपवता यायचं नाही, आनंदाच्या भरात ते दर गिऱ्हाइकाला सांगत सुटतील. गवत वाळू दे, पक्षी निघून जाऊ दे, मग सांगू. गवत वाळलं. मग म्हटलं, आता इतके दिवसांनी सांगितलं तर भाई विचारतील, इतके दिवस काय करत होता? मुलांना खोटं बोलल्याबद्दल वर्गाबाहेर उभं करणारी मी.

आणि तुम्ही बदललात. सहलीत पहिलं नाव तुम्ही घ्यायचं सोडून दिलंत. नामदेवरावांच्या सगळ्यांत आधी लक्षात आलं. गाडी चालवणाऱ्याला आरशात मागचं सगळं दिसतं. वारज्यातलं त्यांचं शेत जाऊन तिथे इमारती आल्या तेव्हापासून ते आपल्या सहलीची गाडी चालवतात, आणि तुमच्यावर त्यांचा फार जीव. थंडीतल्या सहलीत ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, भाईंचं कायतरी बिनसलंय. आधी गाडीत बसल्याबसल्या पाखरं सांगायचे. आता इचारल्याबिगर तोंड उघडत न्हाईत. डोळं तपासून आले म्हणं. मोतीबिंदू हाय म्हणाला डाक्टर."

"पिकलाय का?"

"न्हाई पिकलेला. पन मानसाच्या मनात बसतं वो."

त्याच सहलीत तुम्ही माळाच्या एका टोकाला दुर्बीण लावून बराच वेळ उभे होतात. मग दुर्बीण खाली घेऊन मंडळींना म्हणालात, "तिकडे काही नाही. चला, या बाजूला चला." असं त्या थंडीत दोन-तीनदा झालं. मला वाटायचं, यांना आता आपल्याच डोळ्यांचा भरवसा राहिलेला नाही.

तुम्ही दुकानातच गेलात, दुपारी, कामाच्या टेबलाशी, डोळ्याला भिंग लावलेलं. शेजारच्या दुकानदाराला बराच वेळ वाटत होतं की तुम्ही काहीतरी फार बारीक काम करताय. तिसऱ्या दिवशी मी तुमच्या घरी गेले. निलोफर आता बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे, पण मला बघून आठवीतल्यासारखी उठून उभी राहिली. मी तिला धीर करून विचारलं, "त्या तणमोराबद्दल घरी काही बोलायचे का गं?"

ती म्हणाली, "मी एकदा विचारलं होतं, बाई. अब्बू म्हणाले, बाई खोटं बोलत नाहीत. त्यांना दिसला नाही, म्हणजे नसेलच."

शब्बीरभाई, हे वाक्य ऐकल्यापासून मला नीट झोप लागली नाही. तुम्ही माझ्यावर एवढा विश्वास ठेवलात की स्वतःच्या डोळ्यांवरचा काढून घेतलात. सगळ्या जगाची थट्टा तुम्हाला चालली असती. मी 'दिसला' म्हटलं असतं तर पुरलं असतं. तेवढंच मी म्हटलं नाही. मला माफ करा असं लिहून मी इथे थांबणार होते.

इथवर लिहून आठवडा झाला. वर खाडाखोड केलेली नाही, जसं होतं तसं ठेवलं आहे. काल जे झालं ते आता सांगते.

माझं घड्याळ काही दिवसांपासून चार-पाच मिनिटं मागे पडत होतं. ते दुसऱ्या कुणाकडे न्यावंसं वाटेना. निलोफरचा फोन आला की दुकान आवरायला जाते आहे, तुमची पुस्तकं आणि दुर्बीण तिला माझ्याकडे द्यायची आहेत. मी गेले. गाळ्यात ती तुमच्या स्टुलावर बसून खण रिकामे करत होती. माझ्या हातातलं घड्याळ बघून म्हणाली, "द्या बाई, मी बघते. साधं तेलपाणी मला येतं. सुट्टीत दुसरं काय करायला मिळायचं इथे!" तिने तुमचं भिंग डोळ्याला लावलं आणि मागचं झाकण उघडलं. ते उलटं करून दिव्याखाली धरलं. मग दिवा आणखी खाली ओढला.

"काय गं?"

"बाई, इथे अब्बूंच्या सगळ्या तारखा आहेत. दर वर्षीची एक, आणि पुढे 'श'. पण शेवटची वेगळी आहे." तिने ती वाचली. मी म्हटलं, नीट बघ, सर्व्हिसिंग मंगळवारी दिलं होतं. तिने मोबाइलवर कॅलेंडर ताडून पाहिलं आणि म्हणाली, "नाही बाई, ही त्याच्या आधीच्या रविवारची आहे. आणि पुढे काय लिहिलंय हे? त... ण... बाई, तणमोर लिहिलंय. त्याच्यापुढे 'श'. आणि 'श'च्या पुढे 'बा'."

मी भिंग मागून घेतलं. मला ते नीट लावता येईना. निलोफरने माझ्या भुवईखाली बसवून दिलं आणि झाकण समोर धरलं. तुमचं अक्षर. जागा नाही, वेळ नाही. तारीख, तणमोर, आणि पाहणारे दोन.

म्हणजे मंगळवारीच तुम्हाला कळलं होतं. मंगळवारी कशाला, रविवारीच. माझं मनगट तुमच्या हातात होतं, चष्मा नाकावर होता. घड्याळजीच्या नजरेतून ते काय सुटणार! मी का नाही म्हटलं तेही तुम्हाला कळलं, कारण तो टायरचा वळ आपण दोघांनी एकत्र बघितला होता. आणि मग आठ महिने तुम्ही ती थट्टा सोसलीत. हसत बसलात. मोतीबिंदू न पिकलेल्या डोळ्यांनी. पोटच्या मुलीलासुद्धा पत्ता लागू दिला नाहीत. 'बाई खोटं बोलत नाहीत' हे वाक्य तुम्ही माझ्या खोट्याला कुलूप लावायला वापरलंत. तुम्हाला वाटत होतं की मी कधीतरी सांगेन? की न सांगणंच तुम्हाला पसंत होतं? हे आता मला कळायचं नाही.

मला तुमचा रागही आला, खरं सांगते. दुकानात निलोफरसमोर मी म्हटलंसुद्धा, "अहो, एक शब्द बोलायचा होता! एक!" निलोफर रडत होती आणि हसतही होती. मग मलाही रडू आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा नीट रडले, तुमच्या त्या अरुंद गाळ्यात, बाहेर कुणी मोबाइलचं कव्हर घासाघीस करून घेत असताना. बरं वाटलं.

घरी आल्यावर ते थंडीतलं 'तिकडे काही नाही' आठवलं. दुर्बीण लावून एवढा वेळ उभे होतात, आणि काही नाही? तुम्ही पहिलं नाव घ्यायचं सोडलंत ते डोळे गेले म्हणून नव्हे. सात गाड्या तुमच्याही लक्षात राहिल्या होत्या. त्या थंडीत माळावर त्या टोकाला काय होतं, शब्बीरभाई? लांडगीण होती पिल्लांना घेऊन? खोकड होतं? नका सांगू. हितलं हितंच राहू दे.

निलोफरने विचारलं होतं, "खाली मोकळी जागा आहे बाई, मी आजची तारीख घालू?" मी तिला घालायला सांगितली. तुमच्या 'श'खाली आता तिचा 'नि' आहे. झाकण तिने चांगलं बसवलं. घड्याळ वेळेवर चालतं आहे.

वहीचं त्या रविवारचं पान मी काल उघडलं. सतरा नोंदी आहेत. अठरावी मी घातली नाही आणि घालणार नाही. पण नाव तुमचं साफ व्हायला हवं, तेवढं माझ्याकडे लागतं. पुढच्या शनिवारी सहल आहे, दुर्बीण तुमची असेल. देवराईच्या दगडांपाशी मी बिस्किटाचा डबा पुढे करीन, बूट काढीन, आणि सगळ्यांना सांगीन की भाईंनी तणमोर पाहिला होता. त्यांच्या डोळ्यांत काही खोट नव्हती. मी शेजारी उभी होते, मीही पाहिला, आणि खोटं बोलले.

अनिकेत लगेच विचारेल, "एग्झॅक्ट कुठे, बाई?"

मी चष्मा काढीन आणि पुसायला लागेन.